मॅमोग्राफी, परत बोलावणं आणि त्यानंतरचं सगळं

मला काहीच होत नव्हतं. गाठ लागत नव्हती, दुखत नव्हतं, स्तनाग्रातून काही येत नव्हतं, कातडीवर कुठे खळी पडलेली नव्हती. पाळी मागेपुढे व्हायला लागली म्हणून स्त्रीरोगतज्ज्ञांकडे गेले होते. सगळं विचारून झाल्यावर बाईंनी सहज विचारलं, "मॅमोग्राफी, म्हणजे स्तनांचा एक्स-रे, केलीय का कधी?"

"नाही. पण डॉक्टर, मला त्या बाबतीत काही त्रासच नाही."

"त्रास नाही म्हणूनच विचारतेय. त्रास सुरू झाल्यावर करतो ती तपासणी निराळी."

मशीन एकच असतं, पण कारण वेगळं असतं, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. गाठ लागली, स्तनाग्र आत ओढलं गेलं, रक्तमिश्रित पाणी आलं, म्हणजे नेमकं कुठे बघायचं ते डॉक्टरांना ठाऊक असतं. ती निदानासाठीची मॅमोग्राफी. स्क्रीनिंगची मॅमोग्राफी ठणठणीत बाईची करतात. हाताला लागण्याइतकं काही वाढण्याआधीच ते दिसतंय का, एवढंच तिथे बघायचं असतं.

त्यावर मी म्हटलं, आमच्या घरात स्तनाचा कर्करोग कुणालाच नाही. बाई म्हणाल्या की हा आजार होणाऱ्या बहुसंख्य बायकांच्या घरात तो आधी कुणालाच झालेला नसतो. बाईचा जन्म आणि वाढतं वय, ही दोन सगळ्यांत मोठी कारणं. पुढे मी वाचलं की २०२२ साली जगभरात सुमारे २३ लाख बायकांना स्तनाच्या कर्करोगाचं निदान झालं आणि सुमारे ६ लाख ७० हजार बायका त्याने दगावल्या. मग ‘आमच्या घरात नाही’ या वाक्याचा आधार वाटेनासा झाला.

कोणत्या वयापासून आणि किती वर्षांनी, यावर देशोदेशी एकमत नाही. अमेरिकेतल्या प्रतिबंधक आरोग्यसेवांच्या तज्ज्ञगटाने २०२४ मध्ये ४० ते ७४ या वयात दर दोन वर्षांनी करावी असं सांगितलं. ब्रिटनमध्ये ५० पासून ७१ व्या वाढदिवसापर्यंत दर तीन वर्षांनी बोलावतात. बीआरसीए जनुकांत दोष असेल किंवा इतर कारणांनी धोका बराच जास्त असेल, तर त्या बायकांचं वेळापत्रकच वेगळं असतं, लवकर सुरू होणारं आणि एमआरआयची जोड असलेलं. मी पन्नाशी गाठली होती, त्यामुळे कुठल्याही हिशेबाने माझी वेळ झालीच होती.

तारीख घेताना मॅमोग्राफी केंद्रातल्या बाईंनी फोनवरच सूचना दिल्या. पाळी येत असेल तर ती होऊन गेल्यावरचा आठवडा निवडा, तेव्हा स्तन कमी हुळहुळे असतात. पाळीआधीचा आठवडा टाळा. त्या दिवशी काखेत किंवा छातीवर डिओडरंट, पावडर, क्रीम काही लावू नका. ही शेवटची सूचना मला उगाचची वाटली होती. पण घाम रोखणाऱ्या बऱ्याच डिओडरंटमध्ये ॲल्युमिनियमचे क्षार असतात आणि त्यांचे कण चित्रात कॅल्शियमच्या कणांसारखे दिसू शकतात. पुढे जे झालं ते बघता, त्या दिवशी मी काही लावलं नव्हतं याचं मला फार बरं वाटतं. एका शंकेत दुसरी शंका मिसळली नाही.

आता दाबण्याविषयी. मला भेटणारी प्रत्येक बाई आधी तेच विचारते.

दुखतं. खोटं कशाला सांगू? सपाट तबकावर स्तन ठेवतात आणि वरून पारदर्शक प्लास्टिकची पट्टी खाली येते. आता थांबेल असं वाटतं तिथून ती आणखी थोडी खाली येते. पण तो दाब काही सेकंदांचा असतो. चित्र निघालं की पट्टी वर जाते. तंत्रज्ञ मुलगी प्रत्येक वेळी आधी सांगत होती, "मॅडम, आता घट्ट वाटेल. सहन होत नसेल तर लगेच सांगा." ती सांगत होती म्हणून मी अंग आखडून घेतलं नाही, आणि अंग सैल राहिलं म्हणून दुखणंही कमी झालं असं मला ठामपणे वाटतं.

हा दाब कशासाठी, हे आधी कुणी सांगितलं तर तो पुष्कळ सुसह्य होतो. स्तनातल्या दुधाच्या ग्रंथी, नलिका, तंतू आणि चरबी एकावर एक असतात. तसंच चित्र काढलं तर सगळ्यांच्या सावल्या एकमेकींवर पडतात, आणि त्या गर्दीत खरी गाठ लपते किंवा नसलेली गाठ दिसते. दाबल्यावर सगळं पसरतं, जाडी कमी होते, कमी किरणांत काम भागतं आणि हलून चित्र पुसट होत नाही. उरुग्वेचे डॉक्टर राउल लेबोर्न यांनी १९५० च्या सुमारास याच दाबण्याचा आग्रह धरला होता. यंत्रं तेव्हापासून पार बदलली, फिल्मची जागा डिजिटल चित्राने घेतली, दाबणं मात्र राहिलं.

प्रत्येक बाजूची दोन चित्रं काढतात, एक वरून खाली आणि एक तिरपं. तिरपं चित्र जास्त अवघड. त्यात छातीचा स्नायू आणि काखेकडचा भाग यावा लागतो, कारण स्तन काखेपर्यंत पसरलेला असतो आणि वरच्या बाहेरच्या भागातच हा आजार सर्वांत जास्त सापडतो. त्यासाठी हात मशीनवर टाकायचा, खांदा ढिला सोडायचा, मान वळवायची आणि श्वास रोखायचा. ती मुलगी माझा खांदा हलकेच खाली दाबून "इथे सोडा, इथे" म्हणत राहिली. तो भाग चित्रात आलाच नाही, तर नंतर कितीही निष्णात डॉक्टरांनी पाहिलं तरी तिथलं काही दिसणार नाही. या तंत्रज्ञांच्या कामाबद्दल कुणी फारसं बोलत नाही, पण अर्धी तपासणी त्यांच्याच हातात असते.

किरणांची भीती माझ्या जावेने घातली होती. मी तिथेच विचारून घेतलं. चारही चित्रं मिळून साधारण ०.४ मिलिसिव्हर्ट (हे किरणांचं माप). जमिनीतून, हवेतून, आकाशातून आपल्या सगळ्यांच्या अंगावर वर्षाला सरासरी ३ मिलिसिव्हर्टच्या आसपास किरणं पडतच असतात. म्हणजे सुमारे सात आठवड्यांत एरवीही जेवढी पडतात तेवढी. या वयात तपासणी टाळावी इतकी ती नक्कीच नाहीत. गरोदर असल्याची शंका असेल तर मात्र आधी सांगायचं.

घरी आले आणि कामाला लागले.

रिपोर्ट आला त्यात शेवटी लिहिलं होतं: ‘बायरॅड्स ०. उजवा स्तन, अधिक चित्रांची आवश्यकता.’ मी तो कागद वाचला आणि माझे हातपाय गार पडले. शून्य म्हणजे काही नाही, की शून्य म्हणजे सगळं संपलं, हेही मला कळेना.

त्या रात्री मला कुणी सांगायला हवं होतं ते इथे लिहिते, कारण असा कागद हातात घेऊन बसलेली कुणीतरी हे वाचत असेल. बायरॅड्स ही अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिओलॉजीने ठरवलेली वर्गवारी आहे. सगळ्या रेडिओलॉजिस्टनी, म्हणजे ही चित्रं वाचणाऱ्या डॉक्टरांनी, एकाच भाषेत मत लिहावं म्हणून ती केली. १ म्हणजे काही नाही. २ म्हणजे काहीतरी आहे पण निरुपद्रवी. ३ म्हणजे जवळजवळ नक्की निरुपद्रवी, कर्करोगाची शक्यता २ टक्क्यांच्या आत, थोड्या काळाने पुन्हा बघू. ४ म्हणजे तुकडा काढून बघायला हवा. ५ म्हणजे शक्यता ९५ टक्क्यांहून जास्त. ६ हे आधीच निदान झालेल्यांसाठी. आणि ० म्हणजे उत्तर अजून झालेलंच नाही. ती आजाराची पायरी नव्हे. समोरच्या चित्रांवरून पक्कं मत देता येत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

अमेरिकेत स्क्रीनिंगसाठी गेलेल्या १०० बायकांपैकी सुमारे १० जणींना असं परत बोलावतात. कर्करोग सापडतो तो हजारांत साधारण पाच जणींना. म्हणजे परत बोलावलेल्या बहुतेक जणी जास्तीची चित्रं आणि सोनोग्राफी झाली की सुटतात. पहिल्यांदाच मॅमोग्राफी करणारीला परत बोलावण्याची शक्यता आणखी जास्त, कारण तुलनेला जुनं चित्र नसतं. एखादा पांढरा ठिपका वर्षानुवर्षं जसाच्या तसा असेल तर डॉक्टर निश्चिंत असतात. तोच ठिपका कधीपासूनचा हे ठाऊक नसेल तर थांबून बघावं लागतं.

परत गेले तेव्हा यजमान बरोबर होते. या वेळी फक्त उजवी बाजू. तबकावर एक उंच स्टँड लावला होता, त्यावर स्तन ठेवून मोठी करून चित्रं काढली. दाबण्याची पट्टीही लहान होती, नेमक्या जागेवर दाबणारी. मग एक अगदी बाजूने घेतलेलं चित्र. ते कशासाठी, असं मी विचारलं. चित्रात दिसणारे काही पांढरे कण सूक्ष्म पुटकुळ्यांतल्या पाण्यात असतात. बाजूने पाहिलं की ते कपाच्या बुडाशी बसलेल्या गाळासारखे दिसतात, आणि तसं दिसलं की विषय तिथेच संपतो. माझे तसे दिसले नाहीत.

रेडिओलॉजिस्टनी मला आत बोलावून पडदा दाखवला. याबद्दल मी त्यांची कायमची ऋणी आहे. करड्या पार्श्वभूमीवर एका जागी बारीक पांढरे कण गोळा झालेले होते. एकेक कण अर्ध्या मिलिमीटरहून लहान. हाताला हे कधीच लागलं नसतं. मी दर महिन्याला चाचपून पाहिलं असतं तरी नाही, आणि डॉक्टरांनी तपासूनही नाही.

"हे कॅल्शियम आहे," ते म्हणाले. मी लगेच विचारलं, "मग कॅल्शियमच्या गोळ्या बंद करू का?" नाही. खाण्यातल्या किंवा गोळ्यांतल्या कॅल्शियमचा याच्याशी काही संबंध नाही. पेशींच्या उलाढालीत, जुन्या माराच्या किंवा सुजेच्या जागी, रक्तवाहिन्यांच्या भिंतीत असे कण साठतात, आणि बहुतेक वेळा ते निरुपद्रवी असतात. मोठे, गोल, सगळीकडे विखुरलेले कण कुणाला घाबरवत नाहीत. पण दुधाच्या नलिकेच्या आत कर्करोगाच्या पेशी वाढत असतील तर तिथेही असे कण तयार होतात. म्हणून कण कसे दिसतात आणि कसे मांडलेले आहेत हे बघायचं. बारीक रेघेसारखे, फाटे फुटलेले, नलिकेच्या मार्गाने पसरलेले असले तर संशय दाट. माझे कण पुसट होते, आकार नीट सांगता येत नव्हता आणि ते एका घोळक्यात होते. त्यांनी श्रेणी दिली ४बी, म्हणजे कर्करोगाची शक्यता १० ते ५० टक्क्यांच्या मध्ये.

बर्लिनचे शल्यचिकित्सक आल्बर्ट सालोमोन यांनी १९१३ मध्ये शस्त्रक्रियेत काढलेल्या सुमारे ३००० स्तनांचे एक्स-रे काढून अभ्यास केला होता. कर्करोगाच्या जागी असे ठिपके दिसतात हे त्यांनी तेव्हा पाहिलं होतं. हे मी नंतर वाचलं, आणि शंभराहून अधिक वर्षांपूर्वीच्या त्या निरीक्षणावर आपली तपासणी उभी आहे याने मला धीर आला.

सोनोग्राफीही लगेच केली. त्यात काही दिसलं नाही. मला आशा वाटली, पण डॉक्टरांनी ती वाढू दिली नाही. गाठ किंवा पाण्याची पुटकुळी ओळखायला सोनोग्राफी उत्तम, मात्र इतके बारीक कण तिच्यात बहुधा दिसत नाहीत. म्हणून तुकडा काढायचा तर तो एक्स-रेच्या मदतीनेच काढावा लागणार होता.

बायोप्सीची, म्हणजे तो तुकडा काढण्याची, तारीख येईपर्यंतचे दिवस वाईट गेले. दीर म्हणाले, "कशाला केलीत ही तपासणी, वहिनी? चांगल्या धडधाकट होतात." त्यांच्या बोलण्यात माया होती, मला राग आला नाही. पण त्या वाक्यामुळे मी वाचायला बसले. मॅमोग्राफीने खरंच जीव वाचतात का, किती वाचतात, यावर डॉक्टरांमध्येच इतकी वर्षं वाद आहे हे मला माहीत नव्हतं.

न्यूयॉर्कमध्ये १९६३ साली सुरू झालेला पहिला मोठा प्रयोग सुमारे ६२ हजार बायकांचा. स्वीडनमध्ये १९७७ मध्ये दोन परगण्यांत सुरू झालेल्या प्रयोगाचा निकाल लास्लो ताबार आणि सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये मांडला. तपासणीला बोलावलेल्या गटात स्तनाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले होते. उलट कॅनडात १९८० साली सुरू झालेल्या प्रयोगात पंचवीस वर्षांनीही फरक दिसला नाही. २०१२ मध्ये ब्रिटनमध्ये मायकल मार्मट यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने हे सगळे प्रयोग पुन्हा तपासले. त्यांचा हिशेब असा: पन्नाशीच्या १० हजार बायकांना वीस वर्षं बोलावत राहिलं, तर स्तनाच्या कर्करोगाने होणारे सुमारे ४३ मृत्यू टळतात. आणि त्याच वेळी सुमारे १२९ बायकांना अशा कर्करोगाचं निदान आणि उपचार होतात, जो तपासणी केली नसती तर आयुष्यभर त्यांच्या लक्षातही आला नसता.

ही दुसरी संख्या मी बराच वेळ बघत बसले. आपण त्या १२९ मधल्या आहोत हे कुठल्याच बाईला कधी कळत नाही. तिची शस्त्रक्रिया होते, किरणोपचार होतात. नलिकेच्या आतच राहिलेल्या कर्करोगाला डीसीआयएस म्हणतात. त्यातला कोणता पुढे बाहेर पडेल आणि कोणता तसाच राहील हे आज खात्रीने सांगता येत नाही, म्हणून बहुतेकांवर उपचार केले जातात. माझ्या कणांमागे काही वाईट निघालंच तर ते बहुधा हेच असेल, असं डॉक्टर म्हणाले होते.

बाईला मशीनपाशी नेण्याआधी हे दोन्ही आकडे तिला सांगायला हवेत, असं माझं स्पष्ट मत झालं आहे. नुसतं ‘लवकर निदान म्हणजे जीवदान’ सांगून तिला रांगेत उभं करणं मला पटत नाही. आणि नको त्या उपचारांची भीती दाखवून ‘जाऊच नका’ म्हणणं त्याहून पटत नाही. कारण टळलेले ते ४३ मृत्यू खरे आहेत. मी स्वतः पुढे जायचं ठरवलं. इथवर येऊन सोडून दिलं असतं तर काळजी तेवढी उरली असती आणि उत्तर मिळालंच नसतं.

त्याच वाचनात टाटा मेमोरियलने मुंबईत १९९८ मध्ये सुरू केलेला अभ्यास सापडला. दीड लाखाहून अधिक बायका, मॅमोग्राफी नाही, प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी हाताने केलेली स्तनतपासणी, आणि वीस वर्षांचा पाठपुरावा. पन्नाशी आणि त्यापुढच्या बायकांत मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाल्याचं त्यांना दिसलं. त्याहून लहान वयात तसा फायदा दिसला नाही. जिथे यंत्र पोचत नाही तिथे शिकलेले हातही पुष्कळ करू शकतात, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. माझे कण त्या हातांना लागले नसते, पण प्रत्येकीचा आजार कणांनीच सुरू होतो असं नाही.

बायोप्सीच्या दिवशी आधी विचारलं, रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का, कशाची ॲलर्जी आहे का. मग पालथं झोपायचं. टेबलाला भोक असतं, त्यातून स्तन खाली सोडायचा, आणि डॉक्टर खालून काम करतात. पुन्हा दाबणं आलं, पण या वेळी ते बराच वेळ टिकणारं. डावीकडून १५ अंशांत आणि उजवीकडून १५ अंशांत अशी दोन चित्रं काढली. त्या दोन चित्रांत कण किती सरकले यावरून ते किती खोल आहेत हे संगणक काढतो. बधिर करण्याचं इंजेक्शन टोचतानाच काय ते झणझणलं. त्यानंतर नुसता दाब आणि मशीनचा घरघराट. पोकळ सुई आत राहते, हवेच्या ओढीने एकेक तुकडा बाहेर येतो. सुई पुन्हा पुन्हा टोचावी लागत नाही.

सगळ्यांत अवघड काय, तर हलायचं नाही. मान एका बाजूला वळलेली, हात अंगाशी, आणि नाक खाजलं तरी तसंच राहायचं. एक सिस्टर माझ्या पाठीवर हात ठेवून उभ्या होत्या आणि काय चाललंय ते सांगत होत्या. "आता तुकड्यांचा एक्स-रे काढतायत. कण त्यात आलेत का बघतायत." हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं, आणि तेच मला सगळ्यांत पटलं. काढलेल्या तुकड्यांचं लगेच चित्र काढतात. त्यात कॅल्शियम दिसलं, म्हणजे जे बघायचं होतं तेच हाती लागलं. नाही दिसलं तर आणखी तुकडे घेतात. माझ्या तुकड्यांत कण आले होते.

मग त्या जागी टायटॅनियमची एक बारीकशी खूण सोडली. पुढे कधी शस्त्रक्रिया करावी लागली तर जागा सापडावी म्हणून, आणि नाही लागली तरी पुढच्या प्रत्येक मॅमोग्रामवर ‘इथलं तपासून झालंय’ हे कळावं म्हणून. ती मला जाणवत नाही. एमआरआयला तिची अडचण येत नाही. टाके नव्हते. जखमेवर बराच वेळ दाबून धरलं, चिकटपट्टी लावली, बर्फाने शेकायला सांगितलं. नंतर मोठा काळानिळा डाग उठला आणि हळूहळू पिवळा होऊन गेला.

पॅथॉलॉजीचा रिपोर्ट आला: स्क्लेरोझिंग ॲडेनोसिस, कॅल्शियमसह. दुधाच्या ग्रंथींची वाढ आणि तंतूंचा वेढा. कर्करोग नाही. यजमानांनी तो कागद वाचला, घडी घातली, पुन्हा उघडून वाचला.

मला वाटलं, झालं. पण रेडिओलॉजिस्टनी बोलावून आणखी एक गोष्ट समजावली. तुकड्यात कर्करोग नाही एवढ्याने भागत नाही. चित्रात जे दिसलं आणि सूक्ष्मदर्शकाखाली जे सापडलं, त्यांचा मेळ बसायला हवा. चित्र पाहून ठाम संशय यावा आणि तुकड्यात साधी चरबी निघावी, तर तो निकाल मानत नाहीत, पुन्हा तुकडा घेतात किंवा शस्त्रक्रियेने तो भाग काढून बघतात. माझ्या बाबतीत पुसट, घोळक्यातले कण आणि स्क्लेरोझिंग ॲडेनोसिस यांचा मेळ बसत होता आणि पॅथॉलॉजिस्टनाही काचपट्टीवर कॅल्शियम दिसलं होतं. ‘रिपोर्ट नॉर्मल’ म्हणून फोनवर सुटका करून घेण्यापेक्षा हा प्रश्न समोर बसून विचारावा: चित्राशी जुळतंय का?

ठरल्याप्रमाणे पुढची मॅमोग्राफी झाली. या वेळी तुलनेला जुनी चित्रं होती. बरेचसे कण बायोप्सीतच निघून गेले होते, टायटॅनियमची खूण जागेवर होती, नवीन काही नव्हतं. श्रेणी २. रिपोर्टमध्ये एक ओळ आधीही होती, ती मी आता नीट वाचली: घनता ‘सी’. ए ते डी अशा चार पातळ्या असतात. सी आणि डी म्हणजे ग्रंथी आणि तंतू जास्त, चरबी कमी. सुमारे निम्म्या बायका या दोन गटांत येतात, त्यामुळे हा काही विकार नाही. पण ग्रंथीही पांढऱ्या दिसतात आणि गाठही पांढरीच दिसते, म्हणून दाट स्तनात गाठ झाकली जाऊ शकते. शिवाय घनतेमुळे धोकाही थोडा वाढतो. हात लावून घनता कळत नाही, ती चित्रातच कळते. अमेरिकेत सप्टेंबर २०२४ पासून प्रत्येक बाईला तिची घनता लेखी कळवणं बंधनकारक केलं आहे. सगळीकडेच तसं व्हावं असं मला वाटतं.

मी विचारलं, मग मी दर वेळी सोनोग्राफीही करू का? डॉक्टर म्हणाले, त्याने मॅमोग्राफीत न दिसलेले काही कर्करोग सापडतात, आणि नसलेल्या आजाराच्या शंकाही जास्त निघतात, म्हणजे जास्त बायोप्सी. माझ्या वयाचा आणि एकूण धोक्याचा विचार करून आम्ही मिळून ठरवलं की या वेळी करायची, आणि पुढचं पुढच्या वेळी बोलायचं. थरांची अनेक चित्रं काढणारी टोमोसिंथेसिस मॅमोग्राफी जिथे आहे तिथे ती घ्यावी, असंही ते म्हणाले. तिच्यात एकमेकांवर पडलेल्या सावल्या वेगळ्या करून बघता येतात.

माझ्या ओळखीतल्या एकीची मॅमोग्राफी चांगली आली होती आणि काही महिन्यांनी तिला आंघोळ करताना गाठ लागली. दोन तपासण्यांच्या मधल्या काळात असे कर्करोग निघतात, आणि ते बहुधा वेगाने वाढणारे असतात. ती म्हणाली नाही की आत्ताच तर रिपोर्ट चांगला आलाय. ती त्याच आठवड्यात दाखवायला गेली. तिचे उपचार झाले, ती आता कामावर जाते आहे. तिच्यामुळे मीही आरशासमोर उभी राहून नीट बघायला आणि बदल लक्षात ठेवायला लागले.

आता माझ्या धाकट्या बहिणीने तारीख घेतली आहे. तिला मी सांगून ठेवलं आहे: तुझी पहिलीच वेळ आहे, तुलनेला काही नाही, त्यामुळे परत बोलावतीलसुद्धा. बोलावलं तर रिपोर्ट कपाटात ठेवू नकोस, मला फोन कर आणि लवकरात लवकरची वेळ घे. मी येते बरोबर. आणि आलेल्या चित्रांची सीडी तिथून मागून घे, पुढच्या वेळी तीच लागणार आहे.